जेवत नाई, पेज पितो

आमच्याकडे पेज ही पिण्याची वस्तू आहे, जेवण निराळं. मूठभर कण्या भरपूर पाण्यात शिजवायच्या, मीठ टाकायचं आणि लोटा तोंडाला लावायचा. सकाळी कामावर निघालेल्या बाईला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाठून विचारा, ‘‘काय वो, जेवली का?’’ ती म्हणेल, ‘‘कुठची जेवते! पेज पिऊन आली.’’ पोटात लोटाभर पेज असते आणि तरी बाई उपाशी असते. ती खोटं बोलत नाही. जेवण म्हणजे भात, वरण, भाजी. बसून, ताटात घेऊन. पेज म्हणजे पाण्याची मोठी बहीण.

एवढ्याशा या फरकापायी बिरसीच्या दुर्गेश्वरी शिवणकरच्या जिवावर बेतलं होतं.

दुर्गेश्वरी रोवण्याच्या टोळीची पुढारी. रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि लावणी म्हणजे मागं सरकत पुढं जायचं काम. डाव्या हातात पऱ्ह्याची पेंडी, म्हणजे रोपांची जुडी, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपं चिखलात खोचायची, पाऊल मागं घ्यायचं, पुन्हा खोचायची. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बायांची रांग वाकलेली असते आणि रांगेच्या टोकाला जी असते तिच्या हातावर सगळ्यांचा हात चालतो. ती ढिली पडली की रांग ढिली पडते. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सालापासून त्या टोकावर दुर्गेश्वरी होती. हात असा की मागून पाहणाऱ्याला वाटावं, बाई रोपं लावत नाही, चिखलाला टाके घालून राहिली आहे. आणि आवाज असा की गावाला लागून विमान शिकवायची जी धावपट्टी आहे, तिच्या पलीकडच्या बांधीतल्या टोळीला यांच्या टोळीतली शिवी ऐकू जावी.

पण चाळिशीकडं येता येता अंग सुटलं. आधी गुडघे बोलू लागले, मग साखर निघाली, मग वाकलं की श्वास अडकू लागला. दुर्गेश्वरी बांधीतून धुऱ्यावर आली. धुऱ्यावर उभं राहून पेंड्या फेकायच्या आणि तोंडानं टोळी चालवायची. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्यात धुरा ओला होता, पाय सरकला आणि पुढारीणबाई चिखलात बसल्या. काढायला चौघी लागल्या.

‘‘दुर्गे, धुऱ्यावरून हलू नको बाई,’’ टोळीतली चंदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘वरचे ते विमान शिकनारे पोट्टे तुले पाहूनच धावपट्टी शोधतेत. तू पडली तं ते कुठं उतरतीन?’’

बाया हसल्या. दुर्गेश्वरीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. चंदा तिची जुनी मैत्रीण, आणि जीभ दोघींची सारखीच. पण त्या संध्याकाळी पाय धुता धुता ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘मले बांधीत उतराचं आहे. धुऱ्यावर उभी राहून मराचं नाई.’’

नवरा यादोराव. मोजकं बोलणारा माणूस, दहा शब्दांत महिना काढील. तो म्हणाला, ‘‘भुपेंद्रले फोन लावतो.’’

भुपेंद्र हा दुर्गेश्वरीचा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. पोट लहान करायच्या ऑपरेशनचं त्यानंच काढलं, त्यानंच डॉक्टर पाहिला, आणि दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. पोटाचा थोडासाच भाग ठेवला आणि आतडं उचलून त्याला जोडलं. सर्जन बोलायला बरा होता. सुट्टी देताना म्हणाला, ‘‘गोड खायचं नाही. आधी डाळ, अंडी, मासे, भात नंतर. गोळ्या आयुष्यभर. रक्त तपासत राहा. आणि घराजवळ एक डॉक्टर धरून ठेवा. मी लांब आहे. रोजचं पाहणारा माणूस जवळ पाहिजे.’’

दुर्गेश्वरीनं मान हलवली. यादोरावनं मान हलवली. गाडी नागपुराहून निघून गोंदियाला आली तोवर त्यातलं अर्धं डब्यातच राहून गेलं होतं.

गावानं आपला अर्थ लावला. कोणी म्हणालं आतडी उलटी जोडली. कोणी म्हणालं पोट काढूनच ठेवलं, आता बाई वासावर जगते. चंदा म्हणाली, ‘‘कोठी होती, तिची पायली केली. दुसरं काई नाई.’’ आणि खरं सांगायचं तर सर्जनपेक्षा तिनंच जास्त नेमकं सांगितलं होतं.

वजन उतरू लागलं. होळीपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. पण वजनाबरोबर बाईही उतरू लागली. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. पायाच्या बोटांत मुंग्या. उभं राहिलं की अंधारी. आणि एक विचित्रच दुखणं: बसल्या बसल्या छाती धडधडायची, घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि अर्ध्या घंट्यानं सारं निवून बाई ओल्या फडक्यासारखी पडून राहायची. बांधीत उतरायचं लांबच, विहिरीवरून बादली आणताना दोनदा टेकावं लागे.

तिची सासू धुरपताबाई. सत्तरीची, काटकुळी, आणि सुनेवर जीव असा की तो शिव्यांतूनच बाहेर पडायचा. ‘‘मी म्हनत होती, देवानं देल्लं पोट कापू नका. आयकते कोन? आता घे, पी.’’ असं म्हणून ती दर दोन घंट्यांनी सुनेच्या हातात पेजेचा गिलास द्यायची. नुसती पेज नाही. अशक्त माणसाची पेज, म्हणून त्यात गुळाचा चांगला खडा. गूळ म्हणजे काही गोड नव्हे. गोड म्हणजे पेढा, बुंदी, जिलबी. ते तर दुर्गेश्वरीनं सर्जनच्या शब्दाबाहेर जाऊन चाखलंही नव्हतं. गूळ म्हणजे ताकद.

एप्रिलात देवानंद पटले घरी आला. धावपट्टीच्या अंगाला सगळ्यात मोठी शेती त्याची. दरसाल टोळीचा पहिला रोवणा त्याच्याच बांधीत लागतो, आणि तिथं जी टोकावर असते तीच पुढं सबंध हंगाम पुढारी. चहा पिऊन झाल्यावर तो जमिनीकडं पाहत म्हणाला, ‘‘वहिनी, यंदा चंदाले सांगू का? तुमची तब्येत…’’

‘‘माया तब्येतीले काय झालं?’’

‘‘नाई, तसं नाई. पन…’’

‘‘पऱ्हे टाकाले अजून टाइम आहे, देवानंदभाऊ. तुमी बिया वाळवा. मी येतो.’’

तो गेल्यावर ती खांबाला धरून खाली बसली. पोट कापून घेतलं ते या एका जागेसाठी. आणि तीच जागा हातची चालली होती.

मग डॉक्टर धुंडणं सुरू झालं.

पहिला गोंदियातला. दवाखान्यात माणसं दाटीवाटीनं बसलेली. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, ‘‘ऑपरेशन कहाँ करवाया?’’

‘‘नागपूर, साहेब.’’

‘‘तो नागपूर जाओ. मेरे पास क्यों आए? अच्छा, खाती क्या हो?’’

‘‘कुछ नहीं खाती, साहेब.’’

‘‘कुछ नहीं खाती!’’ डॉक्टरनं आता मान वर केली. ‘‘तो एक सौ बीस किलो क्या हवा से हुई थी?’’

दारातला कंपाउंडर हसला. बाकावरची दोन माणसंही हसली. चंदा हसली होती तेव्हा दुर्गेश्वरीला तिच्यासोबत हसता आलं होतं. इथं नाही आलं.

दुसरा डॉक्टर म्हातारा, मायाळू. त्यानं हसं केलं नाही. पण ऐकलंही नाही. ‘‘कमजोरी आहे,’’ म्हणून सलाईन लावली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, ‘‘जेवण कसं आहे?’’

‘‘जेवन नाईच, साहेब.’’

‘‘भूक लागत नाही?’’

‘‘नाई.’’

त्यानं भूक लागायचं औषध लिहून दिलं. भूक आवरावी म्हणून जिनं पोट कापून घेतलं, तिला भुकेची बाटली! तीही गोड, लाल, सरबतासारखी. यादोराव बाहेर येऊन बाटलीकडं पाहत राहिला आणि त्या आठवड्यातलं त्याचं एकमेव वाक्य बोलला : ‘‘हे काई बरोबर वाटून नाई राहिलं.’’

त्याच दिवसाची गोष्ट. मे महिन्याचं ऊन. म्हाताऱ्या डॉक्टरकडून निघाल्यावर दुर्गेश्वरीचा घसा कोरडा पडला, म्हणून मोटारसायकलवर बसायच्या आधी तिनं पिशवीतली बाटली काढून सासूनं दिलेली पेज प्याली. वाटेवरच्या फुलचूरपर्यंत येईतो छाती नगाऱ्यासारखी वाजू लागली. पदर घामानं चिंब. ‘‘थांबवा,’’ ती यादोरावच्या पाठीवर कपाळ टेकून म्हणाली, ‘‘थांबवा जी, मी पडतो.’’

त्यानं गाडी थांबवली तिथं एक पिठाची चक्की होती, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दोहोंच्या मधे एक लहानसा दवाखाना. पाटी होती : डॉ. चेतना रहांगडाले. दुपारचे पेशंट संपले होते. आत तिशीतली एक बाई डबा खात बसली होती. यादोरावनं बायकोला जवळजवळ उचलून आत आणलं तशी ती हातातला घास डब्यात टाकून उठली.

समोर एक रुंद, बिनहाताची खुर्ची होती. दुर्गेश्वरी त्यात बसली. मांड्यांना कुठंच काही रुतलं नाही. ब्लडप्रेशर पाहायला डॉक्टरनं दोन पट्ट्यांतला मोठा पट्टा उचलला आणि तो पहिल्याच फेऱ्यात दंडाला पुरला. एवढ्या थरथरीतही दुर्गेश्वरीच्या ते ध्यानात आलं. आजवर प्रत्येक दवाखान्यात तो पट्टा फर्रकन निघून यायचा आणि लोक पाहायचे.

सारी कहाणी यादोरावनं चार वाक्यांत सांगितली. डॉक्टरनं विचारलं, ‘‘आत्ता काय खाल्लं, काकू?’’

‘‘काईच नाई.’’

‘‘सकाळपासून?’’

‘‘काईच नाई वो बाई. घास उतरत नाई घशाखाली.’’

डॉक्टरनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली. यंत्राकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ‘‘काहीच न खाल्लेल्या माणसाची साखर एवढी चढत नाही, काकू.’’

झालं. दुर्गेश्वरीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. ‘‘मी खोटी बोलून राहिली का? तुमी बी तेच म्हना. हवा खाऊन मोठी झाली, म्हना. जेवत नाई म्हन्लं तं कोनालेच पटत नाई. माया सासूले इचारा, माया या नवऱ्याले इचारा. जेवतच नाई मी. फक्त पेज पितो!’’

डॉक्टरनं यंत्र खाली ठेवलं. ‘‘काय पिता?’’

‘‘पेज.’’

यादोरावनं पिशवीतून बाटली काढून पुढं केली. डॉक्टरनं झाकण उघडून वास घेतला. ‘‘गूळ?’’

‘‘ताकदीसाठी,’’ यादोराव म्हणाला. ‘‘माय देते. दर दोन घंट्यानं.’’

डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि ती हसली. पण ते हसणं दुर्गेश्वरीवर नव्हतं, हे दुर्गेश्वरीला लगेच कळलं. ‘‘काकू, तुम्ही खरंच बोलल्या. चुकीचं मी विचारलं. मी आमगावकडची. शाळेत जाताना रोज पेज पिऊन जायची आणि मॅडमनं विचारलं की सांगायची, उपाशी आहो. मलाच सुचायला पाहिजे होतं. जेवल्या का, असं विचारलं तर पेज सांगतं कोण!’’

मग ती खुर्ची ओढून समोर बसली. ‘‘नहराचं दार एकदम उघडलं तर बांधीचं काय होते?’’

‘‘फुटते. धुरा वाहून जाते.’’

‘‘तसंच. आधी तुमचं पोट मोठं होतं. गोड पाणी त्यात थांबायचं, हळूहळू खाली उतरायचं. आता थांबायला जागाच नाही. गुळाची पेज धाडकन आतड्यात उतरते, आणि तिला सांभाळता सांभाळता अंगाची धावपळ होते. म्हणून छाती धडधडते, घाम येतो. आणि पेज पिऊन पोट भरलेलं असते, म्हणून घास उतरत नाही. घास नाही, म्हणून केस नाही, ताकद नाही.’’

‘‘म्हंजे ऑपरेशन बिघडलं नाई?’’

‘‘ऑपरेशन झकास आहे. पेज बिघडली.’’

 कित्येक महिने दुर्गेश्वरी मनात एकच गोष्ट घोकत होती, की आपण पोट कापून घेतलं हीच चूक झाली. ती चूक आता कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती. आणि त्या जागी निघालं काय, तर गुळाचा खडा.

‘‘नागपूरनं दिलेल्या गोळ्या घेता ना?’’

‘‘ताकदीच्या? त्या तांदळाच्या कोठीत आहेत.’’

‘‘कोठीत काऊन?’’

‘‘अवो, ताकदीच्या गोळीनं आंग भरते. आमच्या गावात रोडक्या पोरी त्याच खातेत, आंग भराले. मी एवढं कापून घेतलं आन पुन्हा भरू का?’’

डॉक्टर या वेळी हसली नाही. वहीकडंही वळली नाही. म्हणाली, ‘‘त्या गोळ्यांनी चरबी चढत नाही. पायाच्या मुंग्या जातात. तुमच्या आतड्याची वाट बदलली, आता ते जेवणातनं सगळं उचलू शकत नाही, म्हणून वरून द्यावं लागते. गोळ्या कोठीतनं काढायच्या. आजपासून.’’ आणि लगेच, ‘‘एक सांगतो, काकू. हे ऑपरेशन झालेला एकही पेशंट मी आजवर सांभाळला नाही. पण शिकून घेईन. तुम्ही माझ्याकडं येत राहाल का?’’

आजवरच्या डॉक्टरांनी ‘जा’ म्हटलं होतं. कुणी हाकलून, कुणी गोडीनं, पण ‘जा’च. ही ‘या’ म्हणत होती, आणि तेही विचारून.  दुर्गेश्वरीनं विचारलं, ‘‘तुमचा डबा थंडा झाला ना वो बाई?’’

डबा तसाच राहिला. डॉक्टरनं भुपेंद्रकडून सर्जनचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावून स्पीकरवर टाकला. ‘‘सर, मी फुलचूरहून बोलते. तुमच्या पेशंट माझ्यासमोर बसल्या आहेत. मला या बाबतीत फार माहिती नाही. पहिल्यापासून सांगा.’’ पलीकडून सर्जनचा आवाज मोकळा झाला : ‘‘बरं झालं बाई, तिकडं कोणीतरी सापडलं.’’ कुठलं रक्त तपासायचं, कुठलं इंजेक्शन केव्हा द्यायचं, काय दिसलं तर लगेच कळवायचं, सगळं ती विचारत गेली. न समजलं ते दोनदा विचारलं. दुर्गेश्वरी पाहत होती. शिकलेली बाई, आणि ‘समजलं नाही’ म्हणायला लाजत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून धुरपताबाई उतरल्या. एकट्या. पदर खोचलेला. ‘‘कुठं आहे ते डाक्टरीन? माया पेजेले जहर म्हन्ते, तिचं तोंड पाहू द्या मले.’’

बाकावरचे पेशंट सावरून बसले. डॉक्टर बाहेर आली, म्हातारीच्या पाया पडली आणि तिला त्याच रुंद खुर्चीत बसवलं. धुरपताबाई त्यात जेमतेम चौथाई भरल्या.

‘‘आजी, रोवणा झाला की त्याच दिवशी बांधी काठोकाठ भरता का?’’

‘‘येडी का तू? पऱ्हा तरंगून येते. उरला तो सडते. बोटभर पानी ठेवाचं. मुळं धरली, हिरवा झाला, मंग वाढवाचं.’’

‘‘आणि धरेपर्यंत पऱ्हा कसा दिसते?’’

‘‘पिवळा पडते, मान टाकते. नवीन मानूस म्हन्ते, मेला. मरत नाई.’’

‘‘तुमची सून आत्ताच रोवली आहे, आजी. आणि तुम्ही दर दोन घंट्यानं बांधी भरून राहिल्या.’’

 धुरपताबाईंनी पदरानं नाक पुसलं. आवाज एकदम खाली आला. ‘‘मंग मी काय देऊ तिले? सासूनं काई द्याचंच नाई का?’’

‘‘द्या ना. घट्ट वरण द्या, दही द्या. मासोळी द्या. अंडं द्या. थोडं थोडं, चावून खायला लावा. पाणी जेवणासोबत नाही, मधल्या वेळात.’’

‘‘अंडं? मी हात लावत नाई.’’

‘‘मग दुसरं कोणी…’’

‘‘दुसरं कोन कायले? मी काय मेली का?’’ म्हातारी उठली. ‘‘चिमट्यानं उचलीन.’’

आणि उचललं. मागच्या अंगणात तीन दगडांची निराळी चूल, निराळा गंज म्हणजे पातेलं, निराळा चिमटा. रोज सकाळी धुरपताबाई तोंड फिरवून अंडी उकडायच्या आणि सुनेपुढं ठेवून म्हणायच्या, ‘‘खाय. लवकर नोको खाऊ. चाव. बाई म्हन्ली चाव तं चाव.’’

हिरवं व्हायला वेळ लागला. छातीची धडधड पहिल्याच आठवड्यात थांबली. पण मुंग्या हळूहळू गेल्या आणि केस त्याहून हळू. मधे एका लग्नात दुर्गेश्वरीचा हात बुंदीकडं गेला, आणि मांडवामागं घाम पुसत तिनं फुलचूरला फोन लावला. शिव्या ऐकायच्या तयारीनंच लावला होता. पलीकडून विचारणा आली, ‘‘किती खाल्ली?’’

‘‘एक मूठ.’’

‘‘कशी होती?’’

‘‘बुंदी? चांगली होती वो.’’

‘‘मग झालं तर. बसून राहा, उतरेल. पुढच्या लग्नात दोन दाणे खा, चव राहीन आणि छाती बी.’’

दुर्गेश्वरी मांडवामागं एकटीच हसत बसली.

दर खेपेला डॉक्टर दोन प्रश्न विचारायची : काय खाल्लं, आणि काय प्यालं. वजनाचा काटा सगळ्यात शेवटी. रोवणा केव्हा, हेही विचारायची; तिला ठाऊक होतं की ही बाई कशासाठी बरी होऊन राहिली आहे. आषाढात पऱ्हे हातभर झाले तेव्हा रक्ताचा रिपोर्ट पाहून ती म्हणाली, ‘‘चढलं आहे. पण पूर्ण दिवस नाही. दुपारपर्यंत उतरा.’’

‘‘अर्ध्या दिवसाची पुढारी कोन ठेवते वो बाई?’’

‘‘नाही ठेवली तर मला सांगा. उरलेल्या अर्ध्या दिवसाला मी येतो.’’

‘‘तुमी? तुमी तं पेंडी बी उलटी फेकसान.’’

देवानंदच्या बांधीत पहिला रोवणा लागला त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं, चिखल लोण्यासारखा झाला होता. टोळी धुऱ्यावर जमली. चंदानं साडी खोचली आणि टोकाची जागा धरली. देवानंदनं तिलाच सांगून ठेवलं होतं. दुर्गेश्वरी उतरेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं. ‘‘दुर्गे, तू पेंड्या फेक,’’ चंदा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. टोमण्यापेक्षा तेच जास्त बोचलं.

दुर्गेश्वरीनं चपला काढल्या. धुऱ्यावरून पाय खाली सोडला. चिखल थंड होता. पोटरीपर्यंत आला आणि तिथं थांबला. दुसरा पाय. ती चालत चंदापर्यंत गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

‘‘सरक.’’

‘‘अवो, पन…’’

‘‘सरक म्हन्लं ना. माया जागेवर उभी राहून मलेच पेंड्या फेकाले सांगते!’’

चंदा एका बाईच्या अंतरानं सरकली. दुर्गेश्वरी वाकली. श्वास अडकला नाही. पोट मांड्यांवर दाबलं नाही. मधे वारा जायला जागा होती. बोटं चिखलात गेली आणि त्यांना सारं आठवलं. खोच, मागं. खोच, मागं. पहिल्या चार ओळी रांग तिच्याकडं बघत होती. पाचवीला तिला गाठायला धावत होती.

‘‘हळू वो!’’ रांगेच्या मधली भूमिका नावाची पोर ओरडली. ‘‘पोटासंगं दया बी कापून आनली का?’’

‘‘हात चालव, तोंड नोको चालवू!’’ दुर्गेश्वरी गरजली. धावपट्टीच्या पलीकडच्या बांधीत कुणीतरी मान वर केली. तीन सालांनी तो आवाज बांधीच्या आतून येत होता.

न्याहारीच्या वेळी धुऱ्यावरून धुरपताबाई येताना दिसल्या. हातात तीच बाटली.  शेजारच्या बांधीत चिखलणीला आलेला यादोराव बैलांच्या पाण्याची बादली ठेवून पाहत राहिला. टोळीला आता पेजेची गोष्ट ठाऊक होती. सगळ्यांच्या नजरा बाटलीवर गेल्या. म्हातारीनं बाटली उघडली आणि वाटीत ओतायला लागली. काही पडेना. बाटली उलटी करून तिनं बुडाला चापट मारली, तेव्हा घट्ट पिवळं वरण वाटीत थापकन पडलं.

‘‘काय पाहून राहिल्या?’’ धुरपताबाई सगळ्यांवर डाफरल्या. ‘‘मले समजत नाई का? बोटभर पानी.’’ आणि पदराखालून फडक्यात बांधलेली दोन अंडी काढून, तोंड फिरवून सुनेपुढं धरली.

दुपार झाली तेव्हा टोकाची बांधी भरत आली होती. वरून शिकाऊ विमान घरघरत आलं, वळलं, पुन्हा वळलं. चंदानं कंबर सरळ करून आभाळाकडं पाहिलं.

‘‘बापा, फिरूनच राहिलं ते! उतराची जागा नाई सापडून राहिली.’’ तिनं दुर्गेश्वरीकडं बोट दाखवलं. ‘‘निशानी बांधीत उतरली ना!’’

रांगभर हसू फुटलं, दुर्गेश्वरीचं सगळ्यांत मोठं. यादोरावही हसला आणि चिखलाच्या हातानं मिशी पुसली.

शेवटची ओळ तिनं पुरी केली आणि धुऱ्याला पाठ लागली तेव्हा सरळ झाली. समोर सबंध बांधी रोवलेली, रोपं अजून मान टाकलेली, पिवळट. चार दिवसांत धरतील. ठरल्याप्रमाणं ती वर चढली, आणि देवानंद पटले, जो सकाळपासून दूर उभा होता, जवळ येऊन म्हणाला, ‘‘वहिनी, उद्या दुसऱ्या अंगानं लावू. तुमची टोळी किती वाजता येइन?’’

‘‘रोजच्याच टायमाले. आन दुपारनंतर चंदा पाहीन. मले डाक्टरीनचा हुकूम आहे.’’

तेवढ्यात पदरात गुंडाळलेला फोन वाजला. चिखलाचा अंगठा लागून तो पहिल्यांदा कटला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा फुलचूरहून ओळखीचा आवाज होता, घाईतला : ‘‘काकू, उतरल्या का?’’

‘‘उतरली, आन वर बी आली.’’

‘‘काय खाल्लं? काय प्यालं?’’

दुर्गेश्वरीनं सासूकडं पाहिलं. म्हातारी धुऱ्यावर बसून रिकामी बाटली चिखलाच्या पाण्यात विसळत होती.

‘‘प्याली पानी. मधल्या टायमाले,’’ ती म्हणाली, आणि मग साऱ्या बांधीला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘‘आन जेवली वो बाई. बसून, चावून, पोटभर जेवली!’’